सहावा टॅग आणि हरवलेला पाऊस

प्रश्न : ताई, आम्ही भोरचे पाच मित्र. गेली अठरा वर्षं जमेल तेव्हा गडकिल्ले फिरतो. पाचही जणांचे मिळून ४२ हजारांवर फोटो साठलेत. ते सगळे एका हार्ड डिस्कवर आणले आणि एक्सेलमध्ये यादी केली. एका रकान्यात फाइलचं नाव, शेजारच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन टॅग : ‘राजगड, पाऊस, संजीवनी माची, धुकं’. पण ‘गड’ शोधलं की अख्खी यादी अंगावर येते, आणि ‘तोरणा’ शोधलं की अर्धे फोटो येतच नाहीत, कारण आमच्यातला एक जण हट्टाने ‘प्रचंडगड’ लिहितो. आता नीट डेटाबेस करायचं ठरवलंय. एक मित्र म्हणतो, दर फोटोला टॅगचे दहा रकाने ठेवले की झालं. त्याची कॉलेजातली मुलगी म्हणते, तीन टेबलं लागतील. कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलीचं ऐका. मित्राला मात्र हसू नका, कारण त्याची चूक मी स्वतः पैसे घेऊन केलेली आहे.

२००३ सालची गोष्ट. कोल्हापुरात मी तेव्हा गुळाच्या अडत्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम करायचे, फॉक्सप्रोमध्ये. एका दैनिकाच्या छायाचित्र विभागाकडून बोलावणं आलं. फोटो सापडत नाहीत, काहीतरी करून द्या. मी पन्नास फोटो नमुन्याला घेतले. एकालाही चारपेक्षा जास्त शब्द लागत नव्हते. मग उदार मनाने पाच रकाने दिले, टॅग१ ते टॅग५. वर्षभर सगळे खूश.

मग एका रस्त्याच्या भूमिपूजनाचा फोटो आला. भर जुलै. कुदळ उचललेले पुढारी, त्यांच्या डोक्यावर दुसऱ्यांनी धरलेल्या छत्र्या, आणि पुढे चिखलात एकटी रुतून बसलेली कोल्हापुरी चप्पल. गावाचं नाव, कार्यक्रम, दोन पुढारी आणि पाऊस, असे पाच टॅग भरून झाले. संध्याकाळी फोन आला की तिसऱ्या पुढाऱ्यांचं नाव राहिलंय. रकाना शिल्लक नाही. ऑपरेटरने सगळ्यात बिनमहत्त्वाचा टॅग पुसला : पाऊस. त्या पोराचं काय चुकलं? पाऊस थोडाच तक्रारीचा फोन करणार होता!

असं वर्षभरात किती वेळा झालं कोण जाणे. पुढच्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली, पुरवणीसाठी पावसाचे जुने फोटो हवे झाले आणि माझ्या प्रोग्रॅमने अकरा फोटो दाखवले. कोल्हापूर शहर, आणि पावसाचे फोटो अकरा. संपादकांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

तुमचे दहा रकाने म्हणजे हीच गोष्ट, फक्त दुप्पट लांबीची. शिवाय ‘पाऊस’ शोधायचा तर टॅग१ मध्ये आहे का, किंवा टॅग२ मध्ये, किंवा टॅग३ मध्ये, असं दहादा विचारायचं. आणि बहुतेक फोटोंचे सहा-सात रकाने रिकामेच. स्वल्पविरामाच्या रकान्याचा त्रास तुम्ही भोगतच आहात. तिथे संगणकाला ‘गड’ हा टॅग दिसत नाही, त्याला अक्षरांची एक लांब माळ दिसते, आणि माळेत कुठेही ‘गड’ ही दोन अक्षरं आली की तो हात वर करतो. रायगड, लोहगड, उद्या फिरत फिरत गडहिंग्लजला गेलात तर तेही. एका चौकटीत एकच गोष्ट ठेवावी, हे एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडून ठेवलंय. मी ते वाचलेलं होतं. तरी पाच रकाने केले.

तर तीन टेबलं. पहिलं ‘फोटो’ : क्रमांक, फाइल कुठे आहे तो पत्ता, काढल्याची तारीख, कोणी काढला. दुसरं ‘टॅग’ : क्रमांक आणि नाव. एक टॅग जगात एकदाच. राजगड म्हणजे ४ नंबर, पाऊस १७, संजीवनी माची २३, धुकं ३१. आणि तिसरं, ज्यात सगळी गंमत आहे, ते ‘फोटो_टॅग’. त्यात फक्त दोन आकडे. तुमचा ११८७ क्रमांकाचा फोटो घ्या. त्याच्या नावावर तिथे चार ओळी येतील : ११८७–४, ११८७–१७, ११८७–२३, ११८७–३१. पाचवा टॅग सुचला की पाचवी ओळ. पन्नासावा सुचला तर पन्नासावी. कोणाला पुसायची गरज नाही.

या तिसऱ्या टेबलात फोटो आणि टॅग यांची जोडी हीच प्रायमरी की, म्हणजे ओळीची दुबार न होणारी ओळख, ठेवा, म्हणजे एकाच फोटोला एकच टॅग चुकून दोनदा लागणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. आमचे अडते दोन वह्या ठेवायचे. रोजकीर्दीत तारखेवार सगळे व्यवहार, आणि खतावणीत तेच व्यवहार माणसावार. अमक्या दिवशी काय झालं हे रोजकीर्द पटकन सांगते. अमक्याकडे येणं किती, हे विचारलंत तर रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळावी लागते. तुमची प्रायमरी की ही रोजकीर्द आहे : ११८७ नंबरच्या फोटोला कुठले टॅग, याचं उत्तर ती चुटकीसरशी देईल. पण तुम्ही रोज विचारणार ते उलटं, १७ नंबरचा टॅग कुठल्या फोटोंना. त्यासाठी खतावणी लागते, म्हणजे आधी टॅग मग फोटो या क्रमाने दुसरा इंडेक्स. बहुतेक नवशिके हा विसरतात. यादी हजारभर ओळींची असेतो काही जाणवत नाही, आणि मग डेटाबेस मंद झाला म्हणून नवा संगणक घेतात.

आकाराची काळजी सोडा. दर फोटोला आठ टॅग धरले तर ४२ हजार फोटोंच्या ३ लाख ३६ हजार ओळी होतात. ओळ म्हणजे दोन लहान आकडे. इंडेक्स धरून सगळं दहा-पंधरा एमबीत मावतं. तुमच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल याहून मोठी असेल. एवढ्यासाठी सर्व्हर वगैरे काही नको. एसक्यूलाइट पुरे, फुकट आहे, आणि सगळा डेटाबेस एका फाइलीत राहतो. फक्त तिची एक खोड माहीत असू द्या. फॉरेन कीची तपासणी, म्हणजे एका टेबलात लिहिलेला नंबर दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना हे बघणं, ती आपण होऊन करत नाही, दर वेळी डेटाबेस उघडल्यावर ‘प्राग्मा’ची आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. नाही केलीत तर ‘टॅग’मधून एखादी ओळ उडेल आणि ‘फोटो_टॅग’मध्ये तिचा नंबर बेवारस फिरत राहील.

‘राजगड आणि पाऊस’ दोन्ही असलेले फोटो कसे काढायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्याच रविवारी अडाल. एकाच ओळीत टॅग ४ही आहे आणि १७ही आहे, असं कधीच होत नाही. म्हणून ‘४ आणि १७’ असं मागितलंत तर उत्तर शून्य येतं, आणि माणूस वैतागून एक्सेलकडे परततो. मागायचं असं : टॅग ४ किंवा १७ असलेल्या सगळ्या ओळी काढा, त्यांचे फोटोवार गट करा, आणि ज्या गटात वेगवेगळे टॅग बरोबर दोन निघतील तेवढेच गट ठेवा. डेटाबेसच्या भाषेत, ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट. तीन टॅग हवे असतील तर दोनाच्या जागी तीन. मी ‘वेगवेगळे’ मोजायला का सांगितलं ते पुढे येईल.

आता तुमच्या हट्टी मित्राकडे वळू. त्याला बदलू नका. तोरण्याला प्रचंडगड म्हणणारा माणूस चूक नाही. सिंहगडाला कोंढाणा म्हणणारा चूक नाही, की देवगिरीला दौलताबाद म्हणणारा. टॅग म्हणजे तो किल्ला. ‘तोरणा’ आणि ‘प्रचंडगड’ ही त्याची दोन नावं. म्हणून नावांचं चौथं टेबल करा. ‘टॅग_नाव’ : एका रकान्यात नाव, दुसऱ्यात टॅगचा क्रमांक. तोरणा–९, प्रचंडगड–९. टाइप कोणी काहीही करो, फोटोला लागणार ९. पडद्यावर दाखवायला एक मुख्य नाव ‘टॅग’च्या टेबलात ठेवा. ते तोरणा की प्रचंडगड यावर तुमची भांडणं खुशाल होऊ देत. डेटाबेसला त्याचं सोयरसुतक नाही.

उलटा प्रकारही आहे, आणि तो जास्त फसवा. नाव एक, वस्तू दोन. ‘रायगड’ लिहिलंत तर किल्ला की जिल्हा? १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता तोवर हा घोळ नव्हता. राजमाचीला गेला असालच. तिथल्या दोन बालेकिल्ल्यांतला एक श्रीवर्धन, दुसरा मनरंजन. आणि श्रीवर्धन म्हणून खाली समुद्रकाठी अख्खा गाव आहे. नाव हीच ओळख धरलीत तर बालेकिल्ल्याच्या फोटोंत नारळी-पोफळी घुसणार. म्हणून ‘नाव पुन्हा येता कामा नये’ अशी अट नावावर घालू नका. टॅगला प्रकार द्या : जिल्हा, किल्ला, गाव, किल्ल्याचा भाग, हवा, झाडझाडोरा, माणूस. एकच नाव एका प्रकारात एकदाच, अशी अट घाला. आणि टाइप करताना एका नावाचे दोन टॅग निघाले तर प्रोग्रॅमने विचारावं, कुठला?

प्रकार किती करायचे याला अंत नसतो, म्हणून सांगते. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे आद्य पुरुष शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आणलं. त्यांनी कुठल्याही विषयाला पाचच बाजू मानल्या : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. अख्ख्या ज्ञानाला पाच पुरल्या तर पाच मित्रांच्या सहलींना सात प्रकार डोक्यावरून पाणी. आठवा काढायची हुक्की आली की चहा प्या.

नावाची आणि नंबरची ही फारकत खरी कामाला येते ती सरकारी राजपत्र निघाल्यावर. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई, तुमचे ढिगाने फोटो असतील, सगळ्यांवर ‘अहमदनगर जिल्हा’. २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला. त्याच्या आदल्या वर्षी छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले. तुमच्या एक्सेलमध्ये यातल्या प्रत्येक नावासाठी ‘शोधा आणि बदला’ चालवावं लागलं असेल, आणि ‘नगर जिल्हा’ असं आळसाने लिहिलेलं तरीही सुटलं असेल. इथे ‘टॅग’मधली एक ओळ बदलायची. फोटो दोन हजार असोत की वीस हजार, त्यांच्याकडे फक्त नंबर आहे आणि तो हलत नाही. जुनं नाव ‘टॅग_नाव’मध्ये राहू द्या. काकांना सवयीने जुनंच शोधायचं असेल तर त्यांनाही फोटो मिळाले पाहिजेत.

तुमच्या पत्रात ‘राजगड, संजीवनी माची’ असं दोन्ही लिहिलंय. दर वेळी दोन्ही लिहिणार? कंटाळा येईल, कधी एक राहील. संजीवनी माची राजगडावरच आहे, पद्मावती आणि सुवेळाही. राजगड पुणे जिल्ह्यात आहे. हे एकदाच सांगून ठेवावं. त्यासाठी बरेच जण ‘टॅग’मध्ये ‘वरचा टॅग’ असा एक रकाना घालतात. संजीवनी माचीचा वरचा राजगड, राजगडाचा वरचा पुणे जिल्हा. छान चालतं, २०२५ च्या जुलैपर्यंत. तेव्हा युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. आता राजगडाचा ‘वरचा’ कोण? पुणे जिल्हा की जागतिक वारसा? एका रकान्यात दोन मावत नाहीत, आणि आपण परत टॅग१, टॅग२ च्या दारात.

म्हणून नात्यांचंही वेगळं टेबल करा, दोनच आकड्यांचं : वरचा, खालचा. ‘जागतिक वारसा’ हा एक टॅग तयार केलात आणि बारा ओळी भरल्यात की साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे तुमचे सगळे फोटो त्या शोधात येतील. एकाही फोटोला हात न लावता. जिंजीला गेला नसाल तर ती ओळ तुमची वाट बघेल. शोधताना खालची, त्याखालची, त्याखालची पिढी उतरत जायला एसक्यूलाइटमध्ये ‘विथ रिकर्सिव्ह’ आहे. त्यात ‘युनियन ऑल’ऐवजी नुसतं ‘युनियन’ वापरा, ते एकदा आलेली ओळ पुन्हा घेत नाही. चुकून कोणी पुणे जिल्ह्याला राजगडाच्या खाली टाकलं तर ‘युनियन ऑल’वाला शोध घाण्याच्या बैलासारखा फिरत बसतो.

आणखी एक खोच आहे, ती फक्त ट्रेकवाल्यांना पडते. राजगडावरून काढलेला तोरण्याचा फोटो. त्याला राजगड टॅग द्यायचा की तोरणा? दोन्ही. पण मग ‘राजगडाचे फोटो दाखव’ म्हटलं की त्यात राजगड दिसतच नसलेले पन्नास फोटो येणार. ‘फोटो_टॅग’मध्ये तिसरा रकाना ठेवा : ‘दिसतो’ की ‘इथून काढला’. प्रायमरी कीमध्ये हा रकानाही घ्यावा लागेल, कारण संजीवनी माचीवर उभं राहून काढलेल्या बालेकिल्ल्याच्या फोटोत राजगड दोन्ही अर्थांनी आहे. म्हणजे एकाच फोटोला राजगडाच्या दोन ओळी. म्हणूनच मघाशी नुसत्या ओळी न मोजता वेगवेगळे टॅग मोजा म्हटलं. नाहीतर हा फोटो ‘राजगड आणि पाऊस’मध्ये कोरड्या हवेत निवडून येईल.

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिची तीन टेबलं मी पाचावर नेली आहेत, पण पाया तिचाच.

प्रश्न : मी बेळगावला शिक्षिका आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या फोटोंचा असाच छोटा डेटाबेस केलाय. टॅगचं नाव दोनदा येऊ नये अशी अटही घातली आहे. तरी ‘पायऱ्या’ दोनदा दिसतं, ‘ॲल्बम’ तर तीनदा. भिंग लावून बघितलं, काही फरक नाही. संगणक खोटं बोलतोय का?

उत्तर : संगणक खरं बोलतोय, अक्षरं खोटं बोलतायत. तुमच्या ‘पायऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन पुढे य. दुसरी : साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह, मग य. पायऱ्या आणि पायर्‍या. छापल्यावर जुळी भावंडं, पण आत संकेतांक निराळे. कोण कुठल्या कीबोर्डवर टाइप करतं त्यावर ठरतं. ‘ॲ’ची कथा तशीच. युनिकोडात, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधीची सवय असलेले लोक अ वर चंद्र देतात, आणि काही जण हिंदी कीबोर्डवरचा ऍ घेतात. झाले तीन ॲल्बम.

कोणीतरी सांगेल की युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी करण्याची रीत, चालवा, सगळं एक होईल. चालवा, पण ते या दोन्ही जोड्यांना हात लावत नाही. नियम आपणच लिहायचे. टॅगच्या नावाशेजारी ‘जुळणी’ नावाचा आणखी एक रकाना ठेवा. दाखवायचं नाव जसं टाइप केलं तसं राहू दे. जुळणीत मात्र ते गाळून घालायचं : अ वरचा चंद्र आणि ऍ यांचा ॲ करायचा, जोडचिन्हवाल्या र चा ऱ करायचा, उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा छाटायच्या, 1 2 3 चे १ २ ३ करायचे. दोनदा येऊ नये ही अट या रकान्यावर घाला, आणि शोधताना शोधशब्दही याच गाळणीतून काढा. ‘हरिश्चन्द्र’ आणि ‘हरिश्चंद्र’ यांच्यासाठी मात्र नियम करायला जाऊ नका. न-म-ङ-ञ यांच्या फंदात पडलात की व्याकरणाचा तास होतो. वरच्या उत्तरातलं नावांचं टेबल त्यासाठीच आहे.

आधी झालेले तीन ॲल्बम एकत्र करताना जरा जपून. समजा ५, ४८ आणि ७७ असे तीन नंबर आहेत आणि ५ ठेवायचाय. ‘फोटो_टॅग’मध्ये सरळ ४८ चा ५ करायला गेलात तर ज्या फोटोला ५ आणि ४८ दोन्ही आहेत तिथे जोडी दुबार होते, आणि डेटाबेस अख्खी आज्ञाच नाकारतो. म्हणून आधी ४८ वाल्या प्रत्येक फोटोसाठी ५ ची नवी ओळ घाला, ‘इन्सर्ट ऑर इग्नोर’ने, म्हणजे आधीच असलेली जोडी गुपचूप वगळली जाते. मग ४८ च्या ओळी काढा, मग ४८ हा टॅग. ७७ चं तेच. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्येच शाळेची वीज गेली तर आधी होतं तसंच राहील. बेळगावात वीज जाते की नाही माहीत नाही, आमच्याकडे जाते.

प्रश्न : फोटोच डेटाबेसच्या आत ठेवले तर? हार्ड डिस्कवर कोणी फोल्डरचं नाव बदललं की माझे सगळे पत्ते तुटतात. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : मोठे फोटो बाहेरच राहू द्या. एसक्यूलाइट करणाऱ्यांनी स्वतः मोजून सांगितलंय की साधारण १०० केबीपेक्षा लहान गोष्टी डेटाबेसच्या आतून लवकर वाचल्या जातात आणि त्याहून मोठ्या बाहेरच्या फाइलीतून. म्हणजे छोटी लघुचित्रं आत, मूळ फोटो बाहेर. पडदाभर लघुचित्रं भराभर येतात आणि बॅकअपची फाइलही आवाक्यात राहते.

पत्ते तुटण्यावर : ‘फोटो’ टेबलात पत्त्याबरोबर फाइलचा हॅशही ठेवा, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा. एसएचए-२५६ चा ठसा ६४ चिन्हांचा असतो. फोल्डर हलला तरी ठसा तोच, त्यावरून प्रोग्रॅम फोटो पुन्हा शोधून पत्ता दुरुस्त करू शकतो. पण हा ठसा फोटोचा क्रमांक म्हणून वापरू नका. उद्या कुठल्या प्रोग्रॅमने फोटोच्याच फाइलीत टॅग लिहिले की ठसा बदलला. क्रमांक आपला साधा, १ २ ३.

आणि हो, फाइलीतही टॅग लिहाच. डेटाबेस गेला तरी फोटोबरोबर ओळख राहते. लिहिताना एक्सएमपी पद्धत निवडा. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका शब्दपट्टीला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीला ती ऐसपैस, पण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट खातं. ‘छत्रपती संभाजीनगर जिल्हा’ मोजून बघा. २२ चिन्हांचे ६६ आणि दोन मोकळ्या जागा, एकूण ६८. शेवटच्या ‘जिल्हा’चा काना तुटतो, वर हलन्ताला चिकटलेला ह ही आत मावत नाही, आणि उरतं ‘जिल्’ व त्यापुढे अर्धवट बाइटचा एखादा प्रश्नचिन्हांकित चौकोन. असा चौकोन कोणाच्या फोटोत दिसला तर व्हायरस समजून घाबरू नका.

जाता जाता, नाशिककरांनी पत्राच्या शेवटी विचारलंय की फोनने आपोआप लावलेले टॅग आत घ्यावेत का. घ्या, पण ‘फोटो_टॅग’मध्ये ‘कोणी लावला’ असा रकाना ठेवून, माणूस की यंत्र, आणि शोधताना यंत्राचे वेगळे काढता येतील असे. माझ्या फोनने परवा एका गडावरच्या टाक्याला जलतरण तलाव म्हटलं. टाक्यात तेव्हा दोन म्हशी होत्या.